पाण्याची बाई

परभणी जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं निघण्यापूर्वी मला तिघांनी विचारलं. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, रजेचा अर्ज घेणाऱ्या कारकुनांनी आणि शेजारच्या वहिनींनी. मी कोणालाच धड उत्तर दिलं नाही. मी बघायला जात नव्हते, ऐकायला जात होते, आणि तेही स्वतःच्या हौसेने नाही.

माझी धाकटी बहीण अनू पुण्यात राहायची आणि 'हाळी' नावाचा पॉडकास्ट करायची. ज्यांचं पोट आवाजावर चालतं, अशा माणसांच्या मुलाखती ती घ्यायची. बाजारात भाव पुकारणारे, फेरीवाले, एकेकाळी दवंडी देणारे. यंत्र पाठीवरच्या पिशवीत घालून ती एकटी गावोगाव फिरायची. गेल्या ऑगस्टात एका सकाळी चहा गाळता गाळता ती खाली पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. एक्केचाळीस वर्षांची होती.

तिच्या घरातून मी दोन वस्तू रत्नागिरीला आणल्या: तिचा तळहाताएवढा रेकॉर्डर आणि तिची वही. वहीच्या मागच्या खिशात दोन मेमरी कार्डं होती आणि शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. 'मानवत, गफूरभाई: प्रत द्यायची.' आणि 'जिंतूरजवळ, सोजरबाई: प्रत द्यायची, मुलाखत अर्धी राहिली, परत जायचं.' ज्याचा आवाज घेतला त्याला त्याची प्रत नेऊन द्यायची, हा तिचा नेम होता. तो अर्धवट राहिला होता, म्हणून मी निघाले. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभरात माझ्या तोंडून जे निघतं त्यात 'हळू बोला' हेच जास्त असतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अनूचा आवाज माझ्याकडे नव्हता. तिच्या कार्यक्रमाच्या एकाही भागात ती बोललेली नाही. स्वतःचे सगळे प्रश्न ती कापून टाकायची, मूळ ध्वनिफिती पुसून टाकायची. मुलाखत घेणारा ऐकू आला की मुलाखत बिघडली, असं तिचं मत होतं. आम्ही दोघी फोनवर लिहूनच बोलायचो. सात महिने मी शोधलं. एका भागात कांदे विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या दोन वाक्यांमध्ये एक 'हं' सापडला. तो अनूचा होता. बाकी काही नाही, वहीतल्या दोन कार्डांवरही नाही.

परभणी

मार्च नुकता लागला होता आणि सकाळी दहालाच ऊन डोक्यात शिरत होतं. लॉजच्या खालच्या हॉटेलात 'गरम सुशीला' अशी पाटी होती. भिजवलेले चुरमुरे फोडणीला टाकून, वर डाळव्याचं पीठ आणि शेंगदाणे घालून करतात. दिसायला पोह्यांसारखी, खायला हलकी. मी सवयीने वर खोबरं मागितलं. वाढणारा थांबून म्हणाला, "खोबरं? ते प्रसादाला असतंय, बाई." आमच्याकडे नारळाशिवाय काही शिजत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला माझी कीव आली असावी, कारण त्याने न मागता एक तळलेली मिरची वाढली.

दुपारी खोलीत अनूची वही उघडून मी यंत्र शिकले. तिने सूचना स्वतःसाठीच लिहिल्या होत्या. 'पंखा बंद. फ्रिज बंद. फ्रिज बंद केल्यावर आपली चप्पल फ्रिजसमोर ठेव, म्हणजे निघताना परत चालू करशील, लोकांचं दूध नासणार नाही.' 'मुलाखत संपल्यावर त्याच जागी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. त्या जागेची शांतता घ्यायची. ती जोडकामाला लागते.' मी हेडफोन लावले आणि दचकले. पंखा आगगाडीसारखा धडधडत होता. खिडकीबाहेरची रिक्षा माझ्या मांडीवरून गेल्यासारखी गेली.

मानवत

मराठवाड्यात धान्यबाजाराला मोंढा म्हणतात आणि लिलावाला हर्रास. मानवतच्या मोंढ्यात हरभऱ्याचे आणि तुरीचे ढीग लागले होते. एका ढिगावरून दुसऱ्याकडे माणसांचा घोळका सरकत होता आणि घोळक्याच्या मधोमध एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस भाव पुकारत होता. ते गफूरभाई. तीस-पस्तीस वर्षं हर्रास पुकारतात. घोळका पांगल्यावर मी अनूची बहीण, असं सांगितलं. ते माझ्या मागे पाहू लागले.

"आन ताई कुठं हायत? मागं राहिल्या काय?"

हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक होतं. रत्नागिरीपासून मी उत्तर पाठ करत आले होते. तरी ते तोंडातून निघाल्यावर मलाच नवीन वाटलं. गफूरभाई पोत्यावर बसले. "या अल्ला," म्हणाले, आणि पुन्हा, "या अल्ला. एवढीशी तर होती."

प्रतीचं कार्ड त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "घ्या, परत घ्या मुलाखत. तिच्या नावानं आणखी सांगतो." मी यंत्र काढलं. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून त्याला एक केसाळ टोपी असते. ती पाहून हमाल म्हणाले, "चाचा, बाईनं मांजराचं पिल्लू आणलंय." गफूरभाई तासभर बोलले. खोटा खोकला काढून भाव कसा थांबवतात ते सांगितलं, घसा बसला तर काय खायचं ते सांगितलं. शेवटी मी एक मिनिट गप्प बसायची विनंती केली. वीस सेकंदांत ते म्हणाले, "झालं का?" हमाल हसले. पुन्हा सुरुवात. पुन्हा पंधरा सेकंदांत, "मला न्हाई जमत ताई, मी झोपंत सुद्धा बोलतो."

मग मी यंत्राकडे पाहिलं. लाल दिवा लुकलुकत होता. वहीत ठळक लिहिलेलं होतं: 'लुकलुकतो म्हणजे तयार आहे, चालू नाही. बटण दोनदा.' मी एकदाच दाबलं होतं. एक तास गेला होता आणि यंत्रात काहीच नव्हतं.

मी कबूल केलं. गफूरभाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. "रडू नका. एकच गोष्ट हजारदा सांगायची, हाच तर आमचा धंदा. दाबा परत. आन या खेपेला दोनदा दाबा."

जिंतूरकडे

जिंतूरच्या वाटेला जमीन चढू लागते. ज्वारीची काढणी चालू होती, पेंढ्या उभ्या होत्या आणि मधल्या माळावर पळस पेटले होते. जिंतूरहून काळीपिवळी जीप. तिच्यात चौदा माणसं, एक शेळी आणि मी. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे कारण कळेल.

जीपने फाट्यावर सोडलं. गाव अर्धा कोस आत. गावाच्या तोंडाशी एक छोटा पूल आहे, त्याच्यापाशी पोचले तेव्हा वर कुठेतरी भोंगा खरखरला. ग्रामपंचायतीच्या इमारतीवर लावलेला भोंगा. खरखर थांबली आणि अनू बोलू लागली.

"नमस्कार. खालच्या टाकीचं पाणी सुटलं आहे. पाऊण तास राहील. आधी प्यायचं भरून घ्या, मग धुण्याचं. नळ चालू ठेवून गप्पा मारू नका, मला ऐकू येतं."

मी उभी होते की बसले, हे मला आठवत नाही. नंतर कपड्यांना पुलाच्या कठड्याचा चुना लागलेला दिसला, म्हणजे बसले असेन. तेच सगळं पुन्हा एकदा ऐकू आलं. 'आधी'मधला तो लांबवलेला आ. वाक्याच्या शेवटी हसू दाबताना ती नाकाने थोडा श्वास सोडायची, तोही भोंग्यातून आला, सबंध गावावरून गेला आणि समोरच्या टेकडीला लागून परत आला. मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर तिचं बोलणं ऐकू आलं नसतं, म्हणून मी तोंडावर हात धरला.

डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन एक बाई धावत आली. धावता धावताच तिने भोंग्याकडे मान उडवली. "ऐकती म्हणं! काल सासू मला काय बोलली ते ऐकलंस का गं?" मग मला पाहून थांबली. "काय झालं बाई? चक्कर आली काय?"

मी विचारलं, "हा आवाज कोणाचा आहे?"

"हा? पाण्याच्या बाईचा."

"कुठे असतात त्या?"

"कुणाला ठाऊक. एकदा आली होती म्हणं गौतमकडं, मी तवा माहेरी होते. लय कडक बाई हाय, पण गोड बोलती." तिचं नाव रुक्मिण. तिने मला पाणी पाजलं आणि गौतमचं घर हाताने दाखवून पुन्हा धावत सुटली.

गौतम म्हणजे सोजरबाईंचा मुलगा. तो गावाचा वॉलमन. कोणत्या टाकीचं पाणी कधी सोडायचं, ते चाव्या फिरवून ठरवणारा. एक दिवस खालची टाकी, एक दिवस वरची. मी दारात गेले तेव्हा तो नुकताच टाकीवरून येऊन पाय धूत होता. सोजरबाई ओसरीत तूर निवडत होत्या. ऐंशीला आलेल्या, कपाळ मोकळं, पांढरं लुगडं. दारावर लिहिलं होतं तसं मी 'जय भीम' म्हटलं, नाव सांगितलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं.

सोजरबाईंनी हात पुढे करून माझं मनगट धरलं. मग म्हणाल्या, "कधी?"

"ऑगस्टात."

"आन आमी रोज ऐकायलाव तिला." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "गौत्या, ऐकलंस का? रोज."

गौतम ओल्या पायांनी तसाच उभा होता. "आत्ता लावला की मी," तो म्हणाला. "आत्ता, तासाभरापूर्वी." आणि बटण दाबलेल्या स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजक्या मसाल्याच्या पिठाची आमटी, असं जेवण झालं. ती आमटी पहिल्या घासाला जाळते आणि दुसऱ्या घासाला हवीशी वाटते. जेवायच्या आधी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गौतम मागे गोठ्यात होता. आमच्याकडे अशा वेळी माजघरातूनच हाक जाते. सोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, अंगण ओलांडून गोठ्यापर्यंत चालत गेल्या आणि त्याच्याजवळ उभं राहून म्हणाल्या, "जेवायला चल."

"लांबून हाक मारायची न्हाई, अशी आमच्या घरची रीत हाय," त्या परत येऊन म्हणाल्या. "उठायचं, जवळ जायाचं, मग बोलायचं. तुमच्या बहिणीला मी हेच सांगायलते, तवर तिची गाडी निघायची येळ झाली."

म्हणजे राहिलेली अर्धी मुलाखत ही होती. आधीच्या अर्ध्या भागाचं कार्ड मी त्यांच्या हातात ठेवलं. मी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, समोर चप्पल ठेवली आणि बटण दोनदा दाबलं.

त्यांचे सासरे गावाचे येसकर होते. दवंडी द्यायची, आणि कोणी मेलं की परगावच्या पाहुण्यांना खबर पोचवायची, हे त्यांचं काम. "पाऊस असू द्या, ताप असू द्या, जायाचं. तिथं गेल्यावर आत जायाचं न्हाई. येशीबाहेर उभं राहून वरडायचं. कुणी ऐकंपर्यंत वरडायचं. माझी सासू सांगायची, एकदा तापात धाडलं तर माघारी आल्यावर पाच दिस तोंडातून आवाज निघाला न्हाई. आन मिळायचं काय? शिळी भाकर." छप्पन सालानंतर गावातल्या त्यांच्या लोकांनी दीक्षा घेतली. त्या दिवशी सासऱ्यांनी डफडं चुलीत घातलं आणि सासूने त्याच जाळावर भाकरी थापल्या. "म्हणाले, आजपासून ह्या घरातून गावाला हाक जाणार न्हाई. गावानं वरीसभर काम दिलं न्हाई. पण हाक गेली न्हाई."

पुढे गौतमला पंचायतीत नोकरी लागली आणि पंचायतीने भोंगा घेतला. पाणी सुटलं की माईकवरून सांगायचं, असा हुकूम निघाला. सोजरबाई म्हणाल्या, चावी फिरव, ते काम हाय. पण तोंड उघडायचं न्हाई. पंचायत ऐकेना, आई ऐकेना, आणि गौतम मध्ये. नेमक्या त्याच आठवड्यात अनू आली.

"तिनं ऐकून घेतलं, अन् म्हणाली, मग मी सांगते की. मला काय जातंय!" गौतम म्हणाला. "इथंच बसून बोलल्या. दोन टाक्यांचे दोन आवाज. मेमरी कार्डात घालून दिले. शेवटचं 'मला ऐकू येतं' ते त्यांनी मनानंच घातलं. आम्ही हसून हसून मेलो."

मी हेडफोन काढून ठेवले. जी मुलगी स्वतःचा प्रत्येक शब्द कापून फेकायची, तिने आपला आवाज इथे एका भोंग्याला देऊन टाकला होता आणि मला एका अक्षरानेही कळवलं नव्हतं. याचं मला दुःख झालं की राग आला, ते अजून ठरवता आलेलं नाही. एवढंच ठरवलं की तो आवाज मागून घ्यायचा. लगेच नको, आल्या आल्या बरं दिसत नाही. उद्या सकाळी मागू.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. अनूच्या फोटोसाठी माझा फोन चौरंगावर टेकवून ठेवला, मेणबत्ती लावली, सगळ्यांनी वंदना म्हटली. आमच्याकडे दहावं-तेरावं झालं की घर पुन्हा धुऊन घेतात आणि मेलेल्याचं नाव हळूहळू कमी घेतात. इथे सात महिन्यांनी, परक्या घरात, एक-एक जण पुढे येऊन अनूबद्दल काहीतरी बोलत होता. त्यांतले निम्मे तिला कधी भेटलेलेही नव्हते. सरपंचबाईंचे यजमान दत्तरावही आले. गावात त्यांनाच सरपंच म्हणतात. ते दारातच थांबून गौतमशी आणि चार बायकांशी बराच वेळ बोलत होते. मी आत बसले होते. काय चाललंय, ते मी विचारलं नाही. मी थकले होते आणि विचारण्याची मला सवयही नाही.

दुसरा दिवस

सकाळी चहा घेताना मी गौतमला म्हटलं, "तो अनूचा आवाज आहे ना, पाण्याचा. तो मला..."

त्याने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. चेहरा उजळला होता. "काळजी करू नका ताई. उडवून टाकला."

"म्हणजे?"

"रातीच. दत्तराव म्हणाले, मेलेल्या माणसाला रोज कामाला लावायचं, शोभत न्हाई. त्यात बहीण गावात. बायका पण घाबरल्यात, ते 'मला ऐकू येतं' आता कसं ऐकायचं म्हणून. मी म्हटलं, ताईंना सकाळ सकाळ तरास नको. कार्ड फॉरमॅट केलं. नुसतं उडवलं तर चुकून परत लागंल, म्हणून वरून गाणी भरली. गच्च भरलं कार्ड."

"दुसरी प्रत?"

"न्हाई, न्हाई. कुठंच ठेवली न्हाई," त्याने मला दिलासा दिला.

मी "बरं केलंत" म्हणाले. कप खाली ठेवला. तो बशीत न बसता शेजारी ठेवला गेला आणि कलंडला. चहा सारवलेल्या जमिनीत जिरताना मी पाहत राहिले. या लोकांनी माझ्यासाठी, आपण होऊन, चांगल्यातली चांगली गोष्ट केली होती. ती इतकी पूर्ण केली होती की तिच्यात कुठे फटही राहिली नव्हती. मी काल दुपारी एक वाक्य बोलले असते तर... पण मी शिष्टाचार पाळत बसले. गावात कोणी फोनवर भरून घेतलं असेल का, असंही मनात आलं. पण पाण्याची घोषणा कोण जपून ठेवतं?

तेवढ्यात बाहेर गलका झाला.

वरच्या टाकीचा दिवस होता. गौतमने चावी फिरवली होती, पण सांगायला भोंग्यात आवाजच नव्हता. वरच्या आळीत अर्ध्या बायका शेतात, अर्ध्या घरात. पाणी येऊन वाहून गेलं. आता ती सगळी आळी रिकामे हंडे घेऊन पंचायतीसमोर उभी होती. मी गौतमच्या मागे तिथे पोचले.

"आता दोन दिस काय प्यायचं? तुझं तोंड?"

"सांगायला काय झालं होतं रे?"

"काकू, आवाज काढलाय, काल ठरलं न्हाई का..."

"आवाज काढला, पाणी कशाला काढलंस मग?"

दत्तराव मध्ये पडले. मिटवायलाच आले होते, पण चारी बाजूंनी त्यांनाही बोलणी बसली आणि त्यांचाही तोल गेला. "आरं, मशीन न्हाई तर माणूस हाय ना! तुला नरडं न्हाई का? आज्जा वरडत होता तुझा येशीत उभं राहून, मग तुला काय होतंय?"

बायकांनी हंडे खाली टेकवले. डफडं चुलीत घातल्याचं मी कालच ऐकलं होतं, तरी भर उजेडात, चारचौघांत ते वाक्य असं उभं राहील, असं मला वाटलं नव्हतं. गौतमचा चेहरा राखेसारखा झाला. दत्तरावांनाही आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं असावं, कारण ते टोपी काढून डोकं पुसू लागले.

सोजरबाई गर्दीतून चालत पुढे आल्या. अगदी जवळ गेल्या, एक हातभर अंतरावर थांबल्या. हळूच म्हणाल्या, "दत्ता, काय म्हणालास?"

"रागात गेलं, मावशी."

"रागात खरंच निघतंय."

"चुकलं माझं. माफी मागतो. पण उद्या खालच्या टाकीला कोण सांगंल? लोकं पुन्हा ह्याच्याच अंगावर जातील. कुणीतरी सांगायला तर पाहिजे का न्हाई?"

तेव्हा कोणीतरी "मी सांगते" म्हणालं. सगळे माझ्याकडे पाहू लागले, त्यावरून ते मी म्हणाले असं मला कळलं.

घरी आल्यावर सोजरबाईंनी दार लोटून घेतलं. "गौत्यानं चुकीचं केलं का?"

"नाही."

"खरं सांगा."

"मला तो आवाज हवा होता. माझ्याकडे तिचा दुसरा नाही."

त्यांनी पदर तोंडात धरला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मीही बसले. "त्याला सांगू नका," मी म्हटलं. त्या "न्हाई" म्हणाल्या. हे छापायला देण्यापूर्वी मी त्यांना फोन केला होता. "लिव्हा," म्हणाल्या, "मीच सांगितलं त्याला. दोन दिस जेवला न्हाई. आता जेवतोय. पण गावाचं नाव घालू नका."

मग मी यंत्र काढलं. आयुष्यभर मुलांना गप्प करणाऱ्या बाईने पाचशे उंबऱ्यांना हाक मारायची होती. दिवा स्थिर झाला. मी बोलले, "नमस्कार. खालच्या टाकीचं पाणी सुटलं आहे." गौतमने तपासून पाहिलं. काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता श्वास. दुसऱ्यांदा 'पाणी' शब्दाशीच मी बटण बंद केलं. रुक्मिण खिडकीशी येऊन उभी होती. ती म्हणाली, "ते 'मला ऐकू येतं' म्हणा की बाई, तेवढं पाहिजेच." ते मात्र मी म्हटलं नाही. ते माझं नव्हतं. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेले. सोजरबाई इतका वेळ डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांनी डोळे उघडले.

"रडका आवाज नको," त्या म्हणाल्या. "अशानं लोकं हंडे सोडून मयतीला निघतील. पाणी आलंय बाई. कुणी मेलं न्हाई."

गौतमने जीभ चावली. मी यंत्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मला हसू फुटलं. आधी नाकातून आणि मग पुरतं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रुक्मिण हसली, सोजरबाई हसल्या. हसू ओसरायच्या आत मी बटण दाबलं, दोनदा, आणि बोलले.

निघायच्या दिवशी

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून मी खालच्या आळीच्या नळापाशी उभी राहिले. जीप फाट्यावर यायला अवकाश होता. भोंगा खरखरला.

आपला आवाज आपल्याला कधीच ओळखू येत नाही, असं म्हणतात. तो टेकडीवर आपटून परत येतो तेव्हा तर मुळीच नाही. कुठलीशी एक बाई गावाला ठणकावून सांगत होती की खालच्या टाकीचं पाणी सुटलंय, पाऊण तास राहील, आधी प्यायचं भरा. माझे कान तापले. वाटलं, सगळे थांबतील, वर पाहतील, आधीच्या आवाजाची आठवण काढतील.

कोणी थांबलं नाही. दारं उघडली आणि बायका धावत सुटल्या. बटण दाबून आलेला गौतम पलीकडे टाकीखाली चावीवर दोन्ही हात ठेवून उभा होता, तोंड मिटून. रुक्मिण माझ्यासमोर आली. एक हंडा डोक्यावर, एक काखेत, आणि तिसरी कळशी तिने माझ्या पोटाशी टेकवली.

"आधीची बाई दिसत नव्हती," ती म्हणाली. "तुमी दिसायलाव. धरा, भरू लागा."